तांबोशीचा डोळा

"डोकं माझं," असं दारातच जाहीर करून दत्तारामने तांबोशी ओट्यावर ठेवली. पण वनमालाने सुरीला हात लावला नाही. मासळी धुऊन तिने परातीत आडवी मांडली, शेजारी नारळ ठेवला आणि रंगांचा डबा उघडून जेवणाच्या टेबलाशी बसली.

संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये वनमालाच्या चित्रकलेच्या वर्गाचं प्रदर्शन होतं. बाकीच्यांची चित्रं कधीच भिंतीवर चढली होती. एकटं तिचंच राहिलं होतं, कारण ती जे मांडे ते या घरात टिकत नसे. वांगी मांडली, त्यांचं भरीत झालं. पेरू मांडले, तर पहिला रंगवून होईपर्यंत बाकीचे दत्तारामच्या पोटात. आज तिने ठरवलं होतं, आधी चित्र, मग कालवण.

थोड्या वेळाने दत्ताराम मागे येऊन उभा राहिला. बाजारातली सगळ्यात मोठी तांबोशी निवडून आणणारा माणूस तो. कागद बघून त्याचा चेहराच उतरला.

"ह्यो बांगडो खंयसून इलो?" भूक लागली की तो मालवणीवर येई.

वनमालाला राग आला, पण बोलणं खरं होतं. थोरल्या नारळाशेजारी तांबोशी पार खुजी झाली होती. तिने नारळ उचलला, तिथे एक लिंबू ठेवलं आणि नवा कागद घेतला. आता मासळी परातभर दिसू लागली.

"आता मोठी दिसता," दत्ताराम म्हणाला. "पण शिळी वाटता."

तेही खरंच होतं. समोरची इमारत पाडून नवी उठत होती आणि तिला वरपासून खालपर्यंत हिरवी जाळी लावलेली. खिडकीतून येणारा उजेडही हिरवट. लालबुंद तांबोशी त्यात काळपट पडली होती.

"थोड्या वेळाने डोळा पांढरा पडेल, मग संपलंच," वनमाला म्हणाली आणि तिचा आवाज अगदी बारीक झाला. एवढ्यावरून दत्ताराम भूक विसरला.

ऊन होतं ते आतल्या खोलीत. परात तिकडे नेऊ या का, असं त्याने विचारून पाहिलं. पलंगावरच्या धुतलेल्या चादरीकडे वनमालाने नुसती नजर टाकली. मग त्याने मांडणीवरचं स्टीलचं ताट घेतलं, आतल्या खिडकीशी उभं राहून त्यावर ऊन झेललं आणि दारातून नेमकं परातीवर टाकलं. तांबोशी झकास लाल झाली.

"हलू नका."

"हात दुखतत गो."

"डोकं हवंय ना?"

दत्ताराम मुकाट्याने उभा राहिला. ताट जरा हललं की उजेड छतावर पळे, वनमाला हसे, आणि तो पुन्हा नेम धरी. शेवटी ती डोळ्यापाशी आली. परातीवर वाकली आणि सगळ्यात बारीक ब्रश घेतला.

"झालं. या आता."

दत्तारामने आधी नुसतं बघितलं, मग चष्मा लावून. तांबोशीच्या काळ्याभोर डोळ्यात एक पांढरा ठिपका होता, आणि ठिपक्यात हात वर करून ताट धरलेला, मुंगीएवढा माणूस.

"ह्यो मी?"

"तुम्हीच. दिसत होतात तिच्या डोळ्यात."

"येवढो बारको?"

"जेवढे दिसलात तेवढे काढले."

मग मासळी दत्तारामनेच साफ केली, नारळही त्यानेच खवला, आणि मधे मधे हात पुसून चित्र बघून आला.

जेवायला बसल्यावर वनमालाने नेहमीप्रमाणे डोकं त्याच्या ताटात वाढलं. दत्तारामने ते निरखून पाहिलं आणि हलकेच उचलून तिच्या ताटात ठेवलं.

"अहो, काय झालं? आजवर कधी सोडलंत का डोकं?"

"आज नको," शेपटीकडचा तुकडा ओढून घेत तो म्हणाला. "त्यात मी आसंय."