काठीवरची खाच

हसुराम घरत मिठागराच्या बांधावर उकिडवा बसला आणि वाफ्यात रोवलेली काठी त्याने पुन्हा निरखली. बारा दिवसांपूर्वी भरतीचं पाणी आत घेतलं, तेव्हा त्याने कोयत्याने तिच्यावर खाच पाडली होती. वैशाखाचं ऊन टाळू भाजत होतं. एव्हाना तळाशी मीठ दिसायला हवं होतं, पण पाणी अजून खाचेलाच टेकलेलं होतं.

त्याने पाण्यात बोट बुडवलं. बोटाला पुसट तेलकटपणा लागला. तसाच तेलकटपणा त्याच्या मुलाच्या, रोशनच्या कपड्यांना असायचा. रोशन कामाला होता ती बोट समुद्रावर सायीसारखा पातळ थर पसरायची, म्हणजे वाफ उठत नाही आणि वादळाला बळ मिळत नाही. दोन वर्षं गावातलं एकही कौल उडालं नव्हतं. यंदा तो थर किनाऱ्याला येऊन भिडला होता.

सुट्टीवर आलेल्या रोशनला त्याने बांधावर बोलावलं.

"नाही पिकलं मीठ तर नाही पिकलं, बाबा. मी कमावतो ना," रोशन म्हणाला.

"मिठाचं मरू दे. या वीतभर पाण्यातून वाफ उठत नाही, तर समुद्रातून काय उठणार? पावसाळ्यात ढग कशाचे होतील?"

रोशनने वाकून काठीवरच्या खाचेला बोट लावून पाहिलं.

"हा थर काढायचा कसा, ते तरी शिकवलंय तुम्हाला?" हसुरामने विचारलं.

"नाही," रोशन म्हणाला. "सकाळीच निरोप आला, बाबा. थराचा शेवटचा पट्टा पसरून पुरा झाला, पार आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत. उद्या आमचा सत्कार आहे."