घरच्या खुणा

देवाने भुवया कपाळात चढवल्या, बोट नाचवलं आणि संदेष्ट्याला विचारलं, "ही काय घरी यायची वेळ झाली?" अख्खा हॉल खदाखदा हसला.

व्यासपीठावर चर्चचे पाळक थिजले. विनोद त्यांनी केलाच नव्हता. देवाचा हुकूम टाळून उलट्या दिशेच्या जहाजात बसलेल्या संदेष्ट्याची गोष्ट ते सांगत होते, तीही तोंडाने नव्हे, हातांनी. समोर बसलेल्या मंडळीत कुणालाच ऐकू येत नव्हतं. एरवी पाळकांचा आवाज असा, की माइक बंद पडला तरी शेवटच्या बाकावरचे आजोबा दचकून जागे व्हायचे. इथे त्या आवाजाला कोण विचारतो!

पहिल्या रांगेत पाळकीणबाई होत्या. त्यांनाही जन्मापासून ऐकू येत नव्हतं. लग्न झाल्यापासून दर रविवारी त्या नवऱ्याच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत बसायच्या. घरी आल्यावर विचारायच्या, आज काय सांगितलंत? पाळक घास घेता घेता आटपायचे, "देव चांगला आहे. भाजी वाढ." शेवटी मागच्या महिन्यात बाईंनी पातेलं आपटलं आणि खुणांनी ठणकावलं, "पुरे झालं! मी आता माझ्या माणसांच्या मंडळीत जाणार. तुम्हाला यायचं तर या. नाहीतर रविवारी तुम्ही तिकडे, मी इकडे."

बायकोवाचून रविवार? छे! पाळक तडक इथे पाळकाच्या जागेसाठी अर्ज करून मोकळे झाले. आज त्यांची परीक्षा होती. मंडळीला पसंत पडले तर ठीक, नाहीतर घराला दर रविवारी दोन वाटा.

आणि मंडळी तर पोट धरून हसत होती. तरी पाळक नेटाने पुढे गेले. समुद्र खवळला. देव म्हणाला, "किती वेळा सांगायचं?" मासा आला, त्याने संदेष्ट्याला गिळलं. देव म्हणाला, "बस आता आत, रुसून!" एक म्हातारी डोळे पुसायला लागली. मग सगळ्यांनी दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवले. पाळकांना वाटलं, खाली उतरा म्हणतायत. त्या टाळ्या होत्या. पण ही खूण पाळकांना कुठून माहीत असणार? घरी त्यांना कधी कुणी टाळ्या दिल्या होत्या!

शेवटी देवाने क्षमा केली. क्षमेची पाळकांना एकच खूण येत होती. त्यांनी हवेतच कुणाचा तरी कान पिळला आणि मग त्याच्याच गालावरून हळूच हात फिरवला. हलणारे हात खाली आले. हॉल नुसता बघत राहिला. पाळकीणबाईंनी मान खाली घातली, त्यांचे कान लाल झाले होते.

मंडळीचा मुख्य एक शिंपी होता. तो पुढे आला. "पाळक, इतका जिवंत देव आम्ही कधी पाहिला नव्हता," तो हातांनी म्हणाला. "पण तो थेट तुमच्या बायकोसारखा बोलतो!"

आता कुठे पाळकांच्या डोक्यात उजेड पडला. ही भाषा त्यांना दुसरं कोण शिकवणार? स्वयंपाकघरातली भांडणं, रुसवे, समजूत, एवढंच तर त्यांचं शिक्षण!

"तुम्ही आम्हाला हवे आहात," शिंपी पुढे म्हणाला. "पण उपदेश बाईंनी करावा. भाषा मुळात त्यांची आहे."

पाळकांना क्षणभर झोंबलं. मग त्यांना असं काही हसू फुटलं, की व्यासपीठाला धरून उभं राहावं लागलं. चला, रविवार वाचला! ते खाली उतरले. पदर खोचत बाई वर चढल्या आणि प्रार्थनेसाठी उभ्या राहिल्या.

पाळकांनी आजवर सगळ्या मंडळ्यांना शिकवलं होतं तसं डोकं झुकवलं, भक्तिभावाने डोळे मिटले. इतक्यात लाकडी जमीन दणाणली. बाईंनी पाय आपटला होता.

"डोळे उघडा!" त्या नवऱ्याकडे बघत खुणांनी म्हणाल्या. "मिटून बसलात, तर माझी प्रार्थना ऐकणार कशी?"