तिसऱ्या दिवशीची आंघोळ

पाच.

टॉवेलवर ओळीने पाच पिल्लं. ओली. अंगाला खोबरेल आणि बेबी साबणाचा वास. शेजारी रिकामी बादली. पाटावर पाय लांब सोडून बसलेली, खूश शकुमावशी. कोपऱ्यातल्या गोधडीवर त्यांची आई, शेवंती कुत्री, दमून पडलेली.

दूध आणायला खाली गेलेली तेजल दारातच थांबली.

"मावशी! तुम्ही ह्यांना आंघोळ घातलीत?"

"मग? बाळंतिणीच्या घरी येऊन हात बांधून बसू? चाळीस वर्षं झाली, अर्ध्या पंतनगरची पोरं ह्या पायांवर न्हालीत. तुझा नवरा आकाशपण. तो तर ह्यांच्यापेक्षा जास्त बोंबलायचा."

"अहो, दहा मिनिटं नुसतं लक्ष ठेवा म्हटलं होतं ना!"

तेजल पिल्लांवर वाकली. चार थरथरत होती.

पाचवं थरथरत नव्हतं.

तिने प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"तीन दिवसांच्या पिल्लांना आंघोळ?" डॉक्टर प्रांजल ओरडल्याच. "अंगात ऊब धरता येत नाही हो त्यांना अजून! आई चाटते तीच आंघोळ. कोरड्या फडक्याने चोळा. दूध आत्ता नको. आधी ऊब."

शकुमावशीने पाय जवळ ओढले. मग पाचव्याला उचललं. फ्रीजमधल्या वांग्यासारखं गार.

"आणा इकडे," तेजल म्हणाली. "पुरे झालं."

"तू त्या चौघांना पूस. चोळायचं काम माझं."

पाठ. छाती. पाठ. अंगठ्याने, उलट्या केसांत. चोळताना एरवी गाणी म्हणणारी शकुमावशी. आज नुसता अंगठा चालत होता.

पाठ. छाती.

चार पुसून झाली. शेवंतीने हुंगलं. साबण. तिने तोंड फिरवलं. पण पिल्लंच तिच्या कुशीत शिरली.

चार.

पाठ. छाती. पाठ.

"मावशी..."

"गप गं."

शकुमावशीने ते पिल्लू पदराआड, पोलक्याच्या आत सरकवलं. वरून चोळत राहिली.

"ऐक रे बाबा. चुकलं माझं. पुन्हा पाणी नाही दाखवणार तुला. ऐक ना."

पंख्याचा आवाज. खालच्या भंगारवाल्याची आरोळी. गेली. पुन्हा पंखा.

आणि पोलक्यातून, चिमटीएवढं:

चीं.

पाच.

तेजलने पोलक्याजवळ कान नेला. दुधाची पिशवी अजून दारातच पडलेली.

"नरडं आकाशचंच आहे," ती म्हणाली. नाक ओढलं. "थँक यू, मावशी."

"मला कसलं थँक यू. त्याला म्हण. ऐकलंन माझं."

शकुमावशीने पिल्लू शेवंतीपुढे धरलं. शेवंतीने हुंगलं. थांबली. पुन्हा हुंगलं. मग चाटायला लागली, डोक्यापासून शेपटीपर्यंत. चाटता चाटता शेपटी संपली आणि खालचा तळहात लागला. तोही चाटला. एकेक बोट. भेगांमधून. मनगटापर्यंत.

"हात काढा आता, मावशी. पिऊ दे त्याला."

"थांब ना गं जरा," शकुमावशी म्हणाली. "चाळीस वर्षांत मला न्हाऊ घालणारी ही पहिलीच."