बारा खुनांचा व्याही

आमचा हरिप्रसाद तमिळ मालिकेत टोळीचा सूत्रधार असा काही रंगवायचा, की मैलापुरातले कावळे त्याच्या गच्चीवरच्या भाताला चोच लावेनात. खोटं वाटत असेल तर कावळ्यांना विचारा. पण त्याच्या लेकीला, कीर्तनाला, तांबरमचं स्थळ आलं आणि मामला नाजूक झाला. मुलगा-मुलगी राजी, अडली ती मुलाची आजी. "बारा खून पाडलेल्याची लेक? आमच्या घरात नको!" "आजी, ती मालिका आहे गं," नातू कळवळला. "मी डोळ्यांनी बघितलंय!" पुढच्या भागात सूत्रधार गोऱ्या साहेबाच्या सोंगात विमानतळावरून निसटणार होता. इन्स्पेक्टर पाण्याचा पेला पुढे करतो, साहेब पितो आणि जातो, एवढंच चित्रित करायचं होतं. पण जन्माची सवय! हरिप्रसादनं मान मागे टाकली आणि पेला ओठांना न लावता हातभर उंचावरून धार घशात सोडली. दिग्दर्शक ओरडला, "अय्यो, असं पाणी कुठला गोरा पितो?" मग त्यालाच ते इतकं आवडलं, की त्यानं इन्स्पेक्टरला तिथल्या तिथे बेड्या घालायला लावल्या. सूत्रधार संपला, हरिप्रसादचं कामही संपलं. भाग लागला त्या संध्याकाळी तो तोंड पाडून बसला होता, तेवढ्यात तांबरमहून आजींचा फोन आला. "पोलिसांसमोरसुद्धा भांडं उष्टं केलं नाहीत हो! असलं वळण हल्ली कुठे बघायला मिळतं?" हरिप्रसाद सावरून बसला. "आता फक्त सांगा," आजी म्हणाल्या, "सुटताय कधी? मुहूर्त त्यानंतरचाच धरते."