उलट्या बाजूचा अंबाडा

"नऊ चित्रं पाहिजेत, दक्षाबेन. आठ नाही चालणार," गॅलरीवाले नविनभाई फोनवर म्हणाले. "दिवाळीच्या आधी. चिमणदादांना सांगा, बाहेरदेशचे लोक येणार आहेत."

"सांगते," दक्षा म्हणाली.

चिमणदादा म्हणजे तिचे बाबा. ते तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर खाटेवर पडले होते, भिंतीकडे तोंड करून. त्याच भिंतीवर त्यांचे शाल घेतानाचे, विमानाजवळचे फोटो होते. चौदा महिने त्यांनी चित्राला हात लावला नव्हता. डहाणूचे डॉक्टर म्हणाले होते, औषध चालू ठेवा आणि कामाचं नाव काढू नका.

दक्षाने एकदा नविनभाईंना खरं सांगून पाहिलं होतं. "लोक विसरतात हो," ते म्हणाले होते. "मग दादा बरे झाले तरी विचारणार कोण?" फोन स्पीकरवर होता. बाबांनी ऐकलं आणि दोन दिवस जेवले नाहीत.

म्हणून चित्रं तिने काढली. तलासरीच्या शाळेत ती शिकवायची. शाळा सुटली की रिकाम्या वर्गात कापडावर गेरू लावायची, पांढऱ्या रंगासाठी तांदळाचं पीठ कालवायची, बांबूची काडी चावून टोक पिंजायची. लहानपणी आश्रमशाळेतून सुट्टीत घरी आली की बाबांच्या चित्रांतली भाताची रोपं भरणं हे तिचंच काम. हात बसलेला होता. कोपऱ्यात बाबांची खूण, बारीक चंद्रकोर, तीही तिने काढली.

नववं चित्र नाचाचं होतं. मध्ये तारपा वाजवणारा, भोवती कमरेत हात गुंफलेल्या बाया. या चित्रांत डोकं म्हणजे नुसता गोल, तोंड कुठे ते अंबाड्यावरूनच कळतं. घाईत एका बाईचा अंबाडा उलट्या बाजूला गेला. सगळ्यांची तोंडं तारप्याकडे, हिची एकटीची पाठ. वाळल्यावर तिच्या लक्षात आलं. पुसलं तर डाग राहिला असता. एवढ्या बायांत कोण बघतंय, असं म्हणून तिने ते तसंच पाठवलं.

सगळ्यांनी तेवढंच बघितलं.

गॅलरीचं पुस्तक आणि वर्तमानपत्राचं कात्रण कुरियरने आलं तेव्हा दक्षा शाळेत होती. ती घरी आली तर बाबा खाटेवर उठून बसलेले. कितीतरी महिन्यांनी.

"दक्षा, हे मी कधी काढलं?"

तिने शाळेची पिशवी खुंटीला अडकवली. "श्रावणात. गोळ्यांनी तुला आठवत नसेल."

बाबांनी त्या अंबाड्यावर बोट ठेवलं. "तारप्याला पाठ कोण दाखवतं गं? नाचात कुणी दाखवत नाय."

"तूच दाखवलीस," ती हसून म्हणाली. "म्हणून तर पेपरात आलंय."

"वाच."

तिने वाचलं. त्या पाठमोऱ्या बाईत कलावंताचं सगळं एकटेपण उतरलं आहे, असं लिहिलं होतं. या एका आकृतीपुढे चिमण यांचं आजवरचं काम नुसती तालीम वाटते.

"शेवटचं परत वाच."

तिने परत वाचलं. बाबा मान हलवत राहिले. "म्हणजे मीच काढलं," ते म्हणाले.

त्या दिवसापासून बाबा सुधारले. जेवू लागले. ती शाळेतून यायची तेव्हा अंगणात बसलेले असायचे, तोंडात काडी चघळत. नखांत पांढरं दिसायचं. तंबाखूचा चुना, म्हणून ती त्यांना रागवायची. कणगीतला तांदूळ मात्र भराभर उतरत होता. शेजारच्या शुक्रीकाकीकडे तिने मांजर मागितलं.

"नेशील तेव्हा ने," काकी म्हणाली. "पण तुझा बापूस कालच सांगत होता, यंदाचे उंदीर मांजराला भीत नाय. हसत होता गं! लय दिवसांनी हसला."

डॉक्टरांनी एक गोळी कमी केली.

जानेवारीत नविनभाईंचा फोन आला. मुंबईत मोठा कार्यक्रम होता. "दादांनी फक्त बसायचं. लोकांसमोर ती एक पाठमोरी बाई काढायची. दहा मिनिटांचं काम."

"नाही जमणार," दक्षा म्हणाली.

"अहो, दादा कालच हो म्हणाले मला."

तिने बाबांना विचारलं. "जाऊ की," ते म्हणाले. आवाज अगदी पूर्वीसारखा होता. कार्यक्रमाच्या दिवशी बाबांना ताप आला म्हणून कळवायचं, असं तिने मनात ठरवलं. बाबांना आत्ताच काही बोलायची गरज नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी पाड्यातल्या माणसांनी बाबांना विहिरीतून वर काढलं. पाय घसरला असेल, लोक म्हणाले. दक्षाही तेच म्हणाली.

बाराव्या दिवशी नविनभाई मोठा हार घेऊन आले. फोटोपुढे हात जोडून उभे राहिले. त्यांचे डोळे खरोखर भरले होते.

"बेन, मागे काही राहिलंय का? कागद, फडकं, काहीही. शेवटच्या दिवसांतलं."

"नाही. काही नाही."

"बघा तरी एकदा."

"जेवून जा," एवढंच म्हणून ती आत गेली. भातासाठी तांदूळ घ्यायला तिने कणगीत हात घातला. वरचा थर चार बोटांचा होता. खाली हाताला कागद लागले.

चूल पेटवायला तिनेच आणलेल्या शाळेच्या जुन्या उत्तरपत्रिका होत्या त्या. पाठीमागे गेरू फासलेला. गठ्ठाच्या गठ्ठा. प्रत्येक कागदावर तोच नाच आणि प्रत्येक नाचात एका बाईचा अंबाडा उलट्या बाजूला. कुठे मान मोडलेली, कुठे हात सुटलेला, कुठे अंगठ्याने रगडून पुसलेली. रेघा थरथरलेल्या. चंद्रकोर एकावरही नव्हती.

नविनभाई तिच्या मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी गठ्ठा तिच्या हातातून घेतला, दाराच्या उजेडात नेला. पाच-सहा कागद उलटले. मग गठ्ठा खाली ठेवून रुमालाने बोटं पुसली.

"फेकून द्या हे," ते म्हणाले. "दादांचा हात नाही हा. कुणीतरी त्यांची नक्कल करायला बघितलंय, पण जमलेली नाही."