रात्रपाळीची चळत

कालिंदीनं रात्रपाळीच्या चळतीतून धोंडूचं ताट ओढलं, तेव्हा वरची ताटं खडखडली.

"नक्की तोच का?" तिनं विचारलं.

"तोंड बघू दिलं नाही पोलिसांनी." गिरणीतला जगदीश इस्पितळातून सरळ तिच्या खानावळीत आला होता. "मोर्च्यावर गोळी चालली, त्यात गेला. सदऱ्याच्या खिशात गिरणीचा पास होता. धोंडू कदमचा."

लालबागच्या त्या खोलीत भिंतीला तीन फळ्या होत्या, पाळीगणिक एक. जेवायला येणाऱ्या प्रत्येक गिरणीवाल्याचं नाव घातलेलं ताट त्याच्या पाळीच्या चळतीत असायचं. पाळी बदलली की ताट शेजारच्या फळीवर जायचं. नवा आला की चळत एका ताटानं वाढायची. कालिंदीचा नवरा राजाराम पहिल्या पाळीत होता. पाळी सुटून गेली तरी तो आला नव्हता. युनियनच्या मीटिंगला थांबला असेल, असं ती धरून होती.

धोंडूचं ताट तिनं पदरानं पुसलं. मघाशीच तर पुसलेलं होतं.

"वयनी, माझो सदरो कोणी नेलो?"

दारात धोंडू उभा होता. अंगात गंजीफ्रॉक, डोळ्यांवर झोप. ताप आला म्हणून काल रात्रपाळीला खाडा करून, कुणाला न सांगता तो चाळीच्या माळ्यावर झोपून होता. "खुंटयेर नाय. पास खिशात रवलो." मग त्याला तिच्या हातातलं ताट दिसलं. "माझा ताट काढलास? आजपास्ना उपाशी ठेवतलास काय?"

कालिंदीला हसू फुटलं. रडूही आलं. ती मटकन खाली बसली.

जगदीश हसला नाही.

"वहिनी," तो हळू म्हणाला, "राजाराम सकाळी काय घालून गेला?"

गॅलरीत दोरीवर राजारामचा सदरा होता. पहाटे तिनंच धुतला होता. "ओला आहे गं," निघताना तो बाहेरूनच म्हणाला होता, "खुंटीवरचा कुणाचा तरी घालतो." ती चुलीपाशी होती. तिनं वळूनही पाहिलं नव्हतं.

धोंडू खुंटीकडे बघत राहिला.

कालिंदी उठली. धोंडूचं ताट तिनं रात्रपाळीच्या चळतीवर परत ठेवलं, नीट सरळ केलं. मग पहिल्या पाळीच्या फळीवरून राजारामचं ताट काढलं.

तिनं पाट मांडला, ताट ठेवलं आणि भात वाढला.

"ह्यांना हाक मारा," ती जगदीशला म्हणाली. "भात निवतोय."