काढ जीभ

आजीला सुरक्षित जागी न्यायला आलेली आमच्या मदतपथकाची गाडी दारात सुरू होती, युक्रेनमधल्या डोनेत्स्ककडून तोफा वाजत होत्या आणि मोत्र्याआजी तिसऱ्यांदा घरात जाऊन आली, यावेळी खारवलेल्या काकड्यांच्या बरणीसाठी. “आजी, माझे आई, आता तरी बस.” “विसरलेलं घ्यायला परत फिरलं की आरशात बघून जीभ काढायची, नाहीतर प्रवास बाधतो. घरचा आरसा बॉम्बनं फुटला, त्याला मी काय करू?” तिनं गाडीच्या आरशापुढे जीभ काढली आणि तशीच राहिली. “लेका, मागं ते काय उडतंय?” ड्रोन होता. आम्ही तळघरात घुसलो, वर गाडी फुटली. तासाभरानं दुसरी गाडी आली. मी चढलो, हेल्मेट तळघरात राहिलेलं आठवलं, धावत जाऊन आणलं. आजी वाटेत उभी, हातात जळक्या गाडीचा तडकलेला आरसा. “आजी, ड्रोन परत येईल.” “म्हणूनच म्हणते, काढ जीभ.” काढली. ड्रायव्हरनंही काढली, त्याला कुणी सांगितलं नव्हतं.